वाळलेले चालेल, तापलेले नको

शेतकरी बंधू-भगिनींनो, ससा हा काही आपल्या शेतीचा कणा नव्हे. तो दूध देत नाही, औत ओढत नाही, आणि पोरांच्या हौसेने घरात आलेला ससा कुणी बाजारातही नेत नाही. पावसाचा भरवसा नाही, भावाचा तर त्याहून नाही, अशा दिवसांत सशाच्या पाल्यावर अग्रलेख लिहायचा म्हणजे काय, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. पण अहो, आपण आणलेल्या मुक्या जिवाला आपल्याच हाताने नासका घास घालायचा आणि तो गेला की ‘ससा नाजूकच असतो’ म्हणून हात झटकायचे, हे शेतकऱ्याच्या घराला शोभत नाही. शिवाय ज्या चुकीने सशाचा पाला नासतो, त्याच चुकीने तुमच्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्याही नासतात. म्हणून हा विषय वाटतो तेवढा लहान नाही.

नेहमीचा प्रकार कसा असतो बघा. गोठ्याच्या कडेला जाळी लावलेल्या खोक्यात सशाची जोडी असते. आठवडी बाजारातून परतताना घरधनी उरलेल्या पालेभाजीचे गाठोडे स्वस्तात आणतो. पाला हिरवा राहावा म्हणून त्यावर बादलीभर पाणी ओततात आणि गाठोडे तसेच आवळून कोपऱ्यात ठेवतात. पहिले दोन दिवस ठीक जातात. तिसऱ्या दिवशी वरची पाने हिरवी दिसतात, आतली मात्र काळपट आणि चिकट झालेली असतात. पोर शाळेच्या घाईत मूठभर उपसून खोक्यात टाकते. दोन दिवसांनी ससा कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि पुढच्या सकाळी ताठ होऊन पडलेला दिसतो. मग कुणी म्हणते हवा बाधली, कुणी म्हणते नजर लागली. पुष्कळदा खरे कारण त्या गाठोड्यात असते, पण तिकडे कुणी बघत नाही.

हे का होते ते समजून घेण्यासाठी सशाच्या पोटाची रचना ठाऊक हवी. गायीम्हशीचे कोठीपोट पुढे असते. सशाला तशीच एक कोठी असते, पण ती मागे, लहान आतडे संपते तिथे. चाऱ्यातला तंतुमय भाग तिथे जिवाणूंच्या मदतीने आंबतो आणि त्याचे अन्न होते. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो तेही याचसाठी. पहिल्या फेरीत न मिळालेले सत्त्व तो दुसऱ्या फेरीत काढून घेतो. त्यात किळस वाटण्यासारखे काही नाही. पण या कोठीतल्या जिवाणूंचा मेळ फार नाजूक असतो. बाहेरून कुजके, आंबलेले काही आत गेले की तो बिघडतो, वायू धरतो आणि पोट फुगते. त्यात ससा ओकू शकत नाही. माणूस किंवा कुत्रे नको ते खाल्ले तर ओकून मोकळे होते. सशाला ती सोय नाही. जे गेले ते पुढेच जायला हवे, आणि ते तुंबले की संपलेच.

आता पाल्याकडे वळू. पालेभाजीत साधारण नव्वद टक्के पाणी असते. ती कापली म्हणजे मेली असे आपण समजतो, पण तसे नाही. कापलेले पान श्वास घेतच असते. मुळाकडून पाणी येणे बंद झालेले असते, पण आतली साखर जाळणे चालू असते आणि त्यातून उष्णता निघते. मोकळ्यावर पसरलेल्या पानांची उष्णता वाऱ्यावर निघून जाते. ढीग केला, गाठोडे आवळले, की ती आतच कोंडते. हवेत दहा अंश उष्णता वाढली की हा श्वास दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे पाला तापला की आणखी जोरात तापतो. ओला कडबा गंजीला लावला तर गंज आतून कशी वाफाळते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. गाठोड्यात वरून पाणी ओतले की जिवाणूंना ऊब आणि ओल दोन्ही मिळतात. शिवाय पालकासारख्या पाल्यात नायट्रेट असते. ढीग तापला की त्याचे नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटवते. जनावरांच्या चाऱ्यातला हा धोका जुन्या गुराख्यांनाही अनुभवाने ठाऊक असतो.

गोम इथेच आहे. आपण डोळ्याने हिरवेपणा बघतो आणि फसतो. पान नुसते सुकले, मलूल झाले, तर सशाचे काही बिघडत नाही. सशाचा मुख्य आहार वाळलेले गवतच आहे, मग सावलीत सुकलेली मेथी त्याला का वावडी असावी? पण तापलेला, चिकट झालेला, आंबूस वास येणारा पाला हिरवा दिसला तरी विष समजावा. म्हणून साधा नियम ध्यानात ठेवा : वाळलेले चालेल, तापलेले नको. पारख करायला यंत्र लागत नाही. ढिगाच्या पोटात हात घाला. ऊब लागली, पान बोटाला चिकटले किंवा वास आला, की तो पाला उकिरड्यावर टाका. त्याचे उत्तम खत होईल.

पाला टिकवण्याची सुरुवात घरात नव्हे, वावरात होते. घरचा पाला असेल तर उन्हे चढण्याआधी कापा. त्या वेळी पान पाण्याने भरलेले आणि गार असते. दुपारी कापलेला पाला शेतातली ऊब बरोबर घेऊनच घरी येतो. दव असेल तर पाला सावलीत गोणपाटावर पसरून दव ओसरू द्या आणि मगच सैल जुडी बांधा. मेथी, कोथिंबीर मुळासकट उपटली तर जास्त टिकते. बाजारातून आणायचा असेल तर दिवस मावळताना उरलेला, उन्हात तापलेला गठ्ठा स्वस्त मिळतो खरा, पण तो दुसऱ्या दिवशी टाकावा लागतो. मग स्वस्त कसला? घरी आणताना जुड्या सायकलच्या कॅरिअरला करकचून बांधू नका. चेपलेले पान आधी नासते. आणि ज्या शेतात औषध फवारले आहे तिथला पाला, औषधाच्या डब्यावर छापलेले काढणीपूर्वीचे दिवस भरल्याखेरीज सशालाच काय, घरच्या माणसालाही देऊ नका.

घरी आल्यावर पहिले काम गाठोडे सोडण्याचे. पाला सावलीत पसरा आणि पिवळी, सडकी, किडकी पाने वेगळी काढा. एक नासके पान शेजारच्या दहा पानांना नासवते. पाला लगेच धुऊ नका. धुणे घास टाकायच्या आधी. कुणी आधीच धुतला असेल तर पाणी पूर्ण निथळून, वाऱ्यावर कोरडा करून मग ठेवा. मुळे असलेली जुडी तांब्यात दोन बोटे पाण्यात उभी ठेवा, पाने पाण्याबाहेर राहू द्या, आणि पाणी रोज बदला. बाकीचा पाला सुती फडके भिजवून, घट्ट पिळून त्यात सैल गुंडाळा. फडके ओलसर हवे, पाणी गळणारे नको. गाजर, मुळा, बीट यांचा पाला आणल्या आणल्या देठापासून वेगळा करा. पाला कंदातले पाणी ओढत राहतो आणि गाजर दोन दिवसांत लिबलिबीत होते. वेगळे केले की दोन्ही टिकतात. तो पाला सशाच्या आवडीचा असतो, आधी तोच संपवा.

काही गोष्टी टाळायच्या आहेत. पिकलेली केळी, टोमॅटो, सफरचंद यांच्याशेजारी पालेभाजी ठेवू नका. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पाने पिवळी पडतात. आढीत आंबे एकमेकांना पिकवतात ते याच वायूने. खताच्या रिकाम्या गोणीत किंवा औषधाच्या धुतलेल्या डब्यात पाला भरायची सवय असेल तर ती आजच सोडा. कितीही धुतले तरी ते भांडे अन्नाचे होत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत पाल्याला घाम सुटतो, आणि २०१८ पासून राज्यात या पिशव्यांवर निर्बंधही आहेत. आणि वाचकहो, आमच्याच पोटावर पाय देणारी गोष्ट सांगतो : वर्तमानपत्र वाचा, पण त्यात पाला गुंडाळू नका. छपाईच्या शाईत नको ती द्रव्ये असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नयेत असे बजावले आहे.

ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी पाला खालच्या, भाजीच्या कप्प्यात कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. वरच्या बर्फाजवळ ठेवलेले पान गोठते आणि बाहेर काढले की त्याचा लगदा होतो. तसा लगदा सशाला घालू नये. फ्रीजमधला पाला थोडा वेळ बाहेर ठेवून, गारठा गेल्यावर द्यावा. वीज बराच वेळ गेली तर फ्रीजचे दार सारखे उघडू नये, आणि वीज आल्यावर पाला हात लावून, वास घेऊन पाहावा.

फ्रीज नसेल तरी हात बांधलेले नाहीत. माठातले पाणी गार का होते? मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. हीच युक्ती पाल्याला लावा. मोठा माठ किंवा रांजण घ्या, तळाशी चार बोटे वाळू घाला, त्यावर लहान मडके ठेवा आणि दोघांच्या मधली फट वाळूने भरा. वाळूवर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी शिंपडा. पाला आतल्या मडक्यात सैल भरून वर ओलसर फडके टाका. पाणी वाळूवर घालायचे, पाल्यावर नव्हे. माठाला बाहेरून रंग किंवा सिमेंट लावू नका, छिद्रे बुजतात. माठ सावलीत पण वाऱ्याला ठेवा. बंद खोलीत वाफ निघून जायला वाव नसतो आणि गारवा येत नाही. नायजेरियातले मोहम्मद बाह अब्बा नावाचे शिक्षक हीच माठातल्या माठाची युक्ती घेऊन १९९० च्या दशकात खेडोपाडी फिरले, आणि २००० साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. ज्याची जगाने दखल घेतली ते सामान आपल्या कुंभारवाड्यात आजही मिळते.

मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर विटांचा शीतकक्ष आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे पुसात, एस. के. रॉय आणि डी. एस. खुर्डिया यांनी १९८० च्या दशकात तो तयार केला. त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात, कारण त्याला वीज लागत नाही. साधारण १६५ सेंटिमीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर रुंद असा विटांचा तळ घालायचा. त्यावर दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, साडेसात सेंटिमीटर फट ठेवून सुमारे साडेसदुसष्ट सेंटिमीटर उंचीपर्यंत रचायच्या. फटीत नदीची स्वच्छ वाळू भरायची. वर बांबू आणि वाळल्या गवताचे झाकण, आणि सगळ्यावर सावलीसाठी छप्पर. विटा आणि वाळू आधी पाण्याने तृप्त करायच्या, मग रोज दोन वेळा पाणी द्यायचे. अशा कक्षात सुमारे शंभर किलो माल मावतो आणि कडक उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार राहते. या प्रयोगांतले आकडे बोलके आहेत. मे-जूनमध्ये बाहेर दिवसभरही न टिकणारी माठाची पालेभाजी आत ३ दिवस टिकली. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर ३ दिवस टिकणारी मेथी आत १० दिवस राहिली, आणि गाजर ५ दिवसांऐवजी १२ दिवस. एक खबरदारी मात्र घ्या : उन्हाळ्यात विंचू-साप गारव्याला येतात, तेव्हा झाकण काठीने उचला आणि उजेडात बघूनच हात घाला.

पावसाळ्यात ही युक्ती फारशी चालत नाही. हवेतच ओल भरलेली असते, मग पाणी उडणार कसे? त्या दिवसांत पाला साठवूच नका. रोजचा रोज आणा, निथळून द्या. आणि पावसाळ्याची खरी तरतूद दसरा-दिवाळीच्या सुमारास करून ठेवायची असते. माळावरचे गवत फार जून होण्याआधी कापून, कडकडीत वाळवून, जमिनीपासून वर, फळीवर किंवा माळ्यावर ठेवा. मूठभर गवत पिळले आणि हाताला ओल लागली नाही, तर ते ठेवण्याजोगे झाले. अर्धवट वाळलेल्या गवताला बुरशी येते, आणि बुरसटलेले गवत सशाला नासक्या पाल्याइतकेच घातक.

खरे सांगायचे तर आपण पाला साठवतो फार, कारण सशाला तो लागतो किती हे ठाऊक नसते. सशाला गवत अष्टौप्रहर पुढ्यात हवे. त्याचे दात जन्मभर वाढत असतात आणि गवत चावूनच ते झिजतात. हिरवा पाला म्हणजे वरचे तोंडीलावणे. दोन किलोच्या सशाला दिवसाला दोन-तीन मुठी पुरतात. कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, हरळी हे आलटून पालटून द्या. कोबी, पालक थोडाच द्या. गाजर हे सशाचे मुख्य अन्न आहे हा चित्रांतला समज आहे. त्यात साखर असते, तेव्हा चकती-दोन चकत्या बस्स. लसूणघास वाढत्या पिल्लाला चांगला, पण मोठ्या सशाला रोज पोटभर नको. सुबाभळीचा पाला फार झाला तर केस गळतात. कांदा, लसूण, बटाटा-टोमॅटोची पाने आणि कोवळी ज्वारी अजिबात नको. एवढा हिशेब बसला की आठवड्याच्या बाजारातून दोन जुड्या आणल्या तरी भागते, आणि दोन जुड्या मडक्यात सहज राहतात.

एवढी काळजी घेऊनही ससा खाईनासा झाला, लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद पडल्या, पोट टम्म झाले, दात करकरू लागला, तर उद्यावर ढकलू नका. बारा तास उपाशी राहिलेला ससा म्हणजे अत्यवस्थ समजा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. घरात उरलेल्या माणसाच्या गोळ्या देऊ नका. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखी औषधे तोंडाने दिली तर सशाच्या जिवावर उठतात.

ओघात आणखी एक सांगणे आले. उसाच्या फडात, हरभऱ्याच्या रानात सापडणारी पिल्ले घरी आणून पाळणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे. रानातला ससा हा वेगळा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याची आई पिल्लांना झुडपात ठेवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. ती पिल्ले पोरकी नसतात. त्यांना तिथेच राहू द्या. आणि घरच्या सशाबद्दल म्हणाल, तर पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न-पाणी देणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही सांगतो.

आता दोन शब्द सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि पंचायत समितीच्या अधिकाऱ्यांसाठी. बाजाराच्या पटांगणात दुपारी बारानंतर एक फेरी मारा. पालेभाजीवाल्या बाया जुड्यांवर सारखे पाणी मारत बसलेल्या दिसतील, आणि संध्याकाळी तोच माल मातीमोल जाताना दिसेल. तिथे झाडाच्या सावलीत पाण्याच्या टाकीजवळ एक विटांचा शीतकक्ष उभा करायला सुमारे चारशे विटा, वाळू आणि एक दिवसाची मजुरी लागते. पडक्या इमारतीच्या धड विटाही चालतात. जिल्ह्याच्या कृषि विज्ञान केंद्राला पत्र पाठवून एक प्रात्यक्षिक मागून घ्या. शाळेत ससे असतील तर गुरुजींनी मुलांच्या हातूनच मडक्याचा प्रयोग करून घ्यावा. एक जुडी बाहेर, एक मडक्यात ठेवून रोज वही भरावी. मात्र एक अट आहे. कक्षाला रोज दोन वेळा पाणी कोण घालणार, त्याचे नाव आधी ठरवा. पाणी न घातलेला शीतकक्ष म्हणजे नुसता विटांचा हौद, आणि असे उद्घाटन होऊन कोरडे पडलेले हौद गावोगाव कमी नाहीत.

बंधू-भगिनींनो, शेळी मोकळी फिरते. नासका पाला हुंगते आणि तोंड फिरवते. कोंबडी उकरून आपले वेचते. खोक्यातल्या सशापुढे मात्र तुम्ही टाकाल तेवढेच असते, आणि भूक लागली की तो तेच खातो. त्याला ना शिंगे, ना हंबरडा; दुखले तरी तो गप्प बसतो. त्याच्या वतीने पाला हुंगायचा तो आपणच. तेव्हा आज संध्याकाळी कोपऱ्यातले गाठोडे सोडा, आत हात घाला, आणि ऊब लागली तर ते उचलून खताच्या खड्ड्यात टाका. सशाला त्या रात्री नुसते वाळले गवत मिळाले तरी तो सकाळी उड्या मारताना दिसेल.